डेस्कटॉपला बोटाने लॉगिन: मशीन घेण्यापासून मुनीमजींचं खातं काढेपर्यंत

आधीच सांगतो, आधारचं थंब मशीन यासाठी चालत नाही. माझं धुळ्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे आणि बोटाच्या लॉगिनची चौकशी करायला येणाऱ्यांपैकी बरेच जण तेच मशीन पिशवीतून काढून काउंटरवर ठेवतात. भावाचं सेवा केंद्र बंद पडलेलं असतं, नाहीतर कोणी बँक मित्राचं काम सोडलेलं असतं, आणि मंत्रा किंवा मॉर्फोचं मशीन कपाटात पडून असतं. "हे पण यूएसबी, ते पण यूएसबी. याच्यावरच करून द्या ना भाऊ." पण त्याची घडणच वेगळ्या कामासाठी आहे. ते ठसा घेतं, एन्क्रिप्ट करतं आणि आधारच्या सर्व्हरकडे पाठवायला देतं. ठसा जुळला की नाही, हे तिकडे ठरतं. विंडोजला मात्र ठसा इथल्या इथे, तुमच्या टेबलावरच जुळवायचा असतो, आणि त्यासाठी विंडोजच्या बायोमेट्रिक व्यवस्थेत बसणारा ड्रायव्हर, म्हणजे मशीन आणि विंडोज यांची गाठ घालून देणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतो. भिंतीवरचं हजेरीचं मशीनही बाद. त्याचा सगळा हिशोब त्याच्या स्वतःच्या मेमरीत चालतो.

मग कोणतं घ्यायचं? खोक्यावर किंवा ऑनलाइनच्या माहितीत "विंडोज हॅलो" (पासवर्डऐवजी बोट, चेहरा किंवा पिनने लॉगिन करायची विंडोजची सोय) हे दोन शब्द असलेच पाहिजेत. नुसतं "फिंगरप्रिंट स्कॅनर, विंडोज सपोर्ट" असं लिहिलेलं असेल तर सोडून द्या. तसं कोणीही लिहितं.

विंडोज हॅलो ही सोय विंडोज 10 सोबत 2015 मध्ये आली. म्हणजे तुमच्या गादीवरच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज 7 असेल, आणि खानदेशातल्या आडत दुकानांत तो अजून दिसतो, तर आधी तोच बदलावा लागेल. विंडोज 10 वर बोटाचं लॉगिन चालतं, पण त्या विंडोजचा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. दाराला नवीन कडी बसवताय आणि दारच किडलेलं आहे, असं नको. हार्डवेअर झेपत असेल तर विंडोज 11 करूनच पुढचं काम करा. पुढे मी जे मेनू सांगतोय ते विंडोज 11 चे आहेत. 10 मध्ये नावं थोडीफार इकडेतिकडे होतात, वाट तीच.

आता आकार. बाजारात दोन तऱ्हा आहेत. एक नखाएवढं डोंगल, थेट यूएसबीत खोचायचं. दुसरं वायरवालं, टेबलावर ठेवायचं. डोंगल लॅपटॉपसाठी ठीक आहे. डेस्कटॉपचा डबा, म्हणजे ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो, आपल्याकडे टेबलाखाली, पायाशी आणि बहुतेक वेळा भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. डोंगल मागच्या पोर्टात लावलं तर बोट लावायला दर वेळी टेबलाखाली वाकावं लागेल. पुढच्या पोर्टात लावलं तर असेंबल्ड डब्यांचे पुढचे पोर्ट हलतात, पेन ड्राइव्ह खुपसून खुपसून ढिले झालेले असतात. मशीन मधूनच गायब होतं आणि फोन मला येतो. त्यामुळे वायरवालंच घ्या. केन्सिंग्टनच्या व्हेरिमार्क मालिकेत असं खास डेस्कटॉपसाठीचं मिळतं. डोंगल आधीच घेऊन बसला असाल तर यूएसबीची चांगली एक्स्टेन्शन केबल घ्या, मागच्या पोर्टात लावा आणि डोंगल दुहेरी चिकटपट्टीने टेबलाच्या कडेला पक्कं करा. वायर लोंबती ठेवू नका. उंदरांचं सांगायला नको, धान्याच्या दुकानात तर नाहीच.

ऑनलाइन मागवलं असेल तर आल्या दिवशीच लावून बघा. परत करण्याची मुदत गेल्यावर खोकं घेऊन माझ्याकडे आलात तर मी फक्त हळहळ व्यक्त करू शकतो.

बोटाआधी खाती

खरं काम इथे आहे, आणि नेमकं हेच कोणाला करायचं नसतं.

दोंडाईचा, शिरपूर, अमळनेर, नंदुरबार, कुठल्याही पेढीवर जा. कॉम्प्युटरवर खातं एकच. नाव "यूजर" किंवा "अ‍ॅडमिन". पासवर्ड एक-दोन-तीन-चार, आणि तोही मॉनिटरच्या कडेला पट्टीवर लिहून चिकटवलेला. शेठ त्याच खात्यात बसतात, मुनीमजी त्यातच, शेठचा मुलगा रात्री सिनेमा बघतो तोही त्यातच. मग एक दिवस बिलाची तारीख बदललेली सापडते आणि सगळे एकमेकांकडे बघतात. तेव्हा शेठना फिंगरप्रिंट आठवतं. पण त्या एकाच खात्यात तिघांची बोटं घातली तर बोटाने काय कळणार? विंडोजच्या लेखी तो एकच माणूस राहतो. बोटाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा माणशी एक खातं असेल.

तर सेटिंग्ज उघडा (विंडोजचं बटण आणि आय एकदम दाबा), अकाउंट्समध्ये जा, अदर यूजर्स उघडा आणि अ‍ॅड अकाउंट दाबा. तिथे विंडोज मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं, ईमेल मागतं. मुनीमजींचा ईमेल नसेल तर "या व्यक्तीची साइन-इनची माहिती माझ्याकडे नाही" या अर्थाची ओळ खाली असते ती दाबा, आणि पुढच्या पानावर "मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडा" हा पर्याय निवडा. नाव द्या, पासवर्ड द्या. पासवर्ड रिकामा सोडू नका. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला पुढे पिनही लावता येत नाही आणि बोटही. नवीन खातं आपोआप स्टँडर्ड प्रकारचं होतं, ते तसंच राहू द्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर फक्त एक जण, ज्याचा कॉम्प्युटर आहे तो.

इथे एक घोळ हमखास होतो. नवीन खात्यात पहिल्यांदा शिरलं की डेस्कटॉप कोरा दिसतो आणि मुनीमजींचा चेहरा पांढरा पडतो: "दहा वर्षांचा डेटा गेला!" गेला काही नाही. प्रत्येक खात्याचं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वेगळं असतं, जुन्या फायली जुन्या खात्यात आहेत. म्हणून खाती करण्याआधीच टॅलीचा डेटा फोल्डर, दरपत्रकाच्या एक्सेल शीट, वजन-पावत्या, जे सगळ्यांना लागतं ते डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये हलवा आणि टॅलीला डेटाचा नवा पत्ता दाखवा. हलवण्याआधी पेन ड्राइव्हवर एक कॉपी घ्या. हे काम गर्दीच्या दिवसांत काढू नका. नंदुरबारला मिरचीची आवक चालू असताना, पथारीवर माल पसरलेला असताना मला फोन करणाऱ्यांना मी सरळ फाल्गुनानंतरची वेळ देतो.

पिन

विंडोज बोट घेण्याआधी पिन मागतंच. बऱ्याच जणांना हा जाच वाटतो: "पिन नको म्हणून तर बोट लावतोय ना!" पण मशीन बिघडलं, बोट कापलं, पट्टी बांधली, तर आत शिरायला दुसरी वाट हवी आणि ती वाट म्हणजे पिन. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, तिथे पिन (विंडोज हॅलो) उघडून सेट अप. आधी त्या खात्याचा पासवर्ड मागेल, मग पिन दोनदा टाकायचा. चार आकडी चालतो, मी सहा आकडी लावायला सांगतो. अक्षरं आणि चिन्हंही घेता येतात, तशी खूण तिथेच असते.

पिन आणि पासवर्ड यांतला फरक समजून घ्या, पुढे उपयोगी पडतो. पिन फक्त त्याच एका कॉम्प्युटरपुरता असतो. ज्या कॉम्प्युटरमध्ये टीपीएम नावाची सुरक्षा चिप आहे, आणि विंडोज 11 ला ती लागतेच, तिथे तो त्या चिपशी बांधलेला असतो. म्हणूनच मदरबोर्ड बदलला की पिन जातो आणि त्याच्यासोबत बोटही बंद पडतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज पडून किंवा व्होल्टेज उसळून बोर्ड जातात, हे काही क्वचितचं नाही. अशा वेळी आत शिरायला लागतो तो मूळ पासवर्ड, आणि वर्षभर बोटाने उघडलेल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कोणालाही आठवत नाही. तो वहीत लिहून तिजोरीत ठेवा. मॉनिटरवर नाही, तिजोरीत.

बोट देताना

आता मशीन लावा. इंटरनेट चालू असू द्या, बहुतेक वेळा ड्रायव्हर विंडोज स्वतःच शोधून आणतं. त्याला पाच-दहा मिनिटं द्या. मग पुन्हा साइन-इन ऑप्शन्स, फिंगरप्रिंट रेकग्निशन, सेट अप, गेट स्टार्टेड. पिन मागेल तो द्या, आणि बोट ठेवा, उचला, ठेवा, उचला. पडद्यावरचा ठसा हळूहळू भरत जातो. मध्यभाग झाला की तो कडा मागतो: बोट जरा डावीकडे, उजवीकडे, शेंड्यावर टेकवून. लोक इथे घाई करतात आणि दर वेळी बोट तंतोतंत एकाच जागी ठेवतात. तसं केलं तर रोज तितक्याच नेमकेपणाने ठेवावं लागेल. रोज तुम्ही जसं बसता, हात जसा येतो, तसंच बसून बोट द्या. उभं राहून, मागून वाकून नोंदवलेलं बोट खुर्चीत बसल्यावर तिरकं पडतं.

एका खात्यात दहा बोटांपर्यंत चालतात. दोन हातांचं एकेक तरी घ्याच. पहिलं झालं की तिथेच अ‍ॅड अनदर फिंगर येतं.

कोणतं बोट? जवळजवळ सगळे उजवा अंगठा पुढे करतात, कारण रेशन दुकानात, सिमकार्ड घेताना, सगळीकडे तीच सवय. पण आमच्याकडे तंबाखू मळतात उजव्या अंगठ्याने. डाव्या तळहातावर तंबाखू, नखाने चुना, आणि मग अंगठ्याने रगडायचं, दिवसातून कितीदा ते विचारू नका. चुना दाहक असतो. रोज रगडून अंगठ्याच्या रेषा बुजत जातात. असा अंगठा उजेडात धरून बघा, कडेला रेषा दिसतात आणि मधोमध काचेसारखी चकाकी. मशीन त्या चकाकीत काय वाचणार? एका आडत्याकडे नाना म्हणून वयस्कर दिवाणजी आहेत, ते वैतागून म्हणाले, "भो, हाई मशीन मनं बोट लेतच नही!" त्यांच्या डाव्या हाताची अनामिका लावून बघितली, पहिल्या झटक्यात घेतली. अनामिकेला कोणी काही काम देत नाही, म्हणून तिच्या रेषा शाबूत असतात. मळणाऱ्यांनी अंगठ्याचा नाद सोडावा, तंबाखूचा सोडला तर उत्तमच.

सराफाकडे पॉलिशचं काम करणारे कारागीर, जिनिंगमध्ये सरकी-रुई हाताळणारे, सिमेंटचं दुकान, यांचीही हीच गत. सगळी बोटं उजेडात बघा आणि ज्याच्या रेषा ठळक तेच द्या.

दुसरी अडचण हवेची. मशीनच्या आतला सेन्सर बहुतेक कॅपेसिटिव्ह प्रकारचा असतो, म्हणजे कातडीच्या उंचवट्या-खळग्यांमुळे विजेत पडणारा बारीक फरक तो मोजतो. कातडी एकदम कोरडी असेल तर तो फरक नीट मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा पंचेचाळिशीकडे जातो, हवा भट्टीसारखी सुकी, आणि हिवाळ्यात बोटं फुटतात. रेशनच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका कपाळावरून बोट फिरवून मग मशीनवर ठेवतात, ते बघून हसू नका. कपाळाचा किंचित तेलकटपणा बोटाला लागतो आणि ठसा उमटतो. इथेही तेच करा. उलट नुकतेच हात धुतले असतील, बोट ओलं असेल तर पुसून घ्या. पाण्याने खळगे भरले की तोही ठसा वाचता येत नाही. सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे हवामान बदललं की खात्यातली सगळी बोटं काढून नव्याने नोंदवणं.

आणि मिरची. नंदुरबारच्या व्यापाऱ्याकडे मशीनच्या काचेवर मी तांबूस, चिकट थर बघितलाय, बोटांवरून आलेला. मिरचीची पूड आणि तिचं तेल यांचं ते मिश्रण कोरड्या फडक्याने नुसतं पसरतं. चष्म्याचं मऊ कापड किंचित ओलं करून, घट्ट पिळून पुसा आणि मग कोरडं फिरवा. काचेचा स्प्रे थेट मशीनवर मारू नका, कडेच्या फटीतून आत उतरतो. पुसून झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, हे नंदुरबारवाल्यांना सांगायची गरज नाही.

दोन माणसांच्या खात्यांत एकच बोट चालत नाही. शेठना वाटतं, आपलं बोट मुनीमजींच्या खात्यातही घालून ठेवू, म्हणजे कधीही उघडता येईल. विंडोज सांगतं की हा ठसा आधीच दुसऱ्या खात्यावर आहे, दुसरं बोट द्या. त्यामागे कारण आहे: सुरुवातीच्या पडद्यावर बोट लावलं की ते ज्याचं असेल त्याचं खातं उघडतं. एकच बोट दोन खात्यांत असेल तर त्याने कोणतं उघडायचं? मुनीमजींच्या खात्यात स्वतःचं दुसरं बोट टाकणं जमतं, पण मग खाती वेगळी करण्यात काय राहिलं?

झालं की विंडोज आणि एल एकदम दाबून पडदा लॉक करा आणि बोट लावा. मग रिस्टार्ट करून लावा. मग स्लीपमध्ये टाकून उठवून लावा. तिन्ही वेळा चाललं तरच काम झालं म्हणायचं. टेबलावरून उठताना विंडोज-एल दाबायची सवय मात्र माणसालाच लावावी लागते. पडदा उघडा सोडून चहाला गेलात तर बोट असून नसून सारखं.

नाही चाललं तर

"विंडोज हॅलोला चालणारा फिंगरप्रिंट स्कॅनर सापडला नाही" अशा अर्थाचा संदेश इंग्रजीत दिसला तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे बायोमेट्रिक डिव्हाइसेस नावाची ओळ आहे का बघा. ओळ आहे आणि मशीनवर पिवळी खूण आहे, म्हणजे ड्रायव्हर अर्धवट बसलाय. सेटिंग्जमधलं विंडोज अपडेट, त्यातलं अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यातलं ऑप्शनल अपडेट्स, तिथे ड्रायव्हर येऊन पडलेला असतो, तो टिक करून घ्या. ओळच नाही, तर पोर्ट बदला, डब्याच्या मागच्या बाजूला थेट लावा, हब मध्ये घालू नका. तरीही नाही, तर मशीन विंडोज हॅलोचं नाहीच, किंवा मेलेलं आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं की कळतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीन व्यवस्थित दिसतं पण सेटिंग्जमध्ये पर्याय येत नाही, असं असेल तर स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधून उघडा, विंडोज बायोमेट्रिक सर्व्हिस शोधा, ती बंद असेल तर चालू करा आणि स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक ठेवा. कॉम्प्युटरची गती वाढवून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं या सर्व्हिसेस बंद करून टाकतात.

काही नव्या तयार डेस्कटॉपवर आणखी एक अडसर असतो. त्यांत साइन-इनची वाढीव सुरक्षा चालू असते आणि ती बाहेरून लावलेल्या मशीनला दारातच उभं ठेवते. साइन-इन ऑप्शन्समध्ये खालच्या भागात "बाहेरचा कॅमेरा किंवा फिंगरप्रिंट रीडर वापरून साइन-इन" अशा अर्थाचं बटण दिसलं तर ते चालू करा. त्याने वाढीव सुरक्षा सैल होते, हे माहीत असू द्या. पेढीच्या कॉम्प्युटरसाठी मला ते चालण्यासारखं वाटतं.

लाइट जाऊन आल्यावर, किंवा कॉम्प्युटर झोपेतून उठल्यावर मशीन मेल्यासारखं पडून राहतं, ही तक्रार सगळ्यात जास्त. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीनवर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक काढून टाका. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. भागलं नाही तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. कॉम्प्युटर चालू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल, घेऊ द्या.

बोटाने काय काय उघडतं

विंडोज उघडतं. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड भरण्याआधी विंडोज हॅलो मागायची सोय क्रोमच्या पासवर्ड सेटिंग्जमध्ये आहे, ती चालू केली तर तेही बोटावर येतं. ज्या वेबसाइट पासकी, म्हणजे पासवर्डऐवजीची डिजिटल किल्ली, घेतात, त्यांची पासकीही.

टॅली उघडत नाही. टॅलीचा यूजर आणि पासवर्ड वेगळा, तो टॅलीतच लावायचा, आणि बिलाची तारीख कोणी बदलली हे शोधायचं असेल तर तो लावाच. जीएसटीचं लॉगिन बोटाने होत नाही. डिजिटल सहीचं डोंगल दिसायला या मशीनच्या भावासारखं असलं तरी त्याचा याच्याशी संबंध नाही. त्याचा पासवर्ड त्याच्यापाशी. सीए साहेब लांबून एनीडेस्कने तुमच्या कॉम्प्युटरवर येतात तेव्हा त्यांचं बोट तुमच्या मशीनवर पोचणार नाही, त्यांना पिन किंवा पासवर्डच लागेल. कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

ठसा कुठे जातो, हे बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. विंडोज ठशाचं चित्र ठेवत नाही, त्यावरून काढलेला गणिती नमुना ठेवतं, तो त्या कॉम्प्युटरवरच किंवा मशीनच्या चिपमध्ये राहतो आणि मायक्रोसॉफ्टकडे पाठवला जात नाही. अभेद्य मात्र समजू नका. 2023 मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्सच्या संशोधकांनी, मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यावरून तपासणी करताना, डेल, लेनोवो आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सरफेस अशा तीन लॅपटॉपचं बोटाचं लॉगिन चकवून दाखवलं. पण त्यासाठी लॅपटॉप हातात लागतो, वेळ लागतो आणि डोकं लागतं. तुमच्या पेढीला खरा धोका मॉनिटरवरच्या पट्टीचा होता.

मायक्रोसॉफ्टचं खातं वापरत असाल तर साइन-इन ऑप्शन्समध्ये "फक्त विंडोज हॅलोनेच साइन-इन" असं एक बटण असतं. ते चालू असलं की पासवर्डचा रस्ता लॉगिनच्या पडद्यावरून गायब होतो. पेढीवर ते बंदच ठेवा, आणीबाणीला पासवर्ड टाकता आला पाहिजे.

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी: उबंटूत सेटिंग्ज, यूजर्स, फिंगरप्रिंट लॉगिन. पर्याय दिसत नसेल तर तुमचं मशीन लिबएफप्रिंटच्या (लिनक्समधलं ठसा वाचणारं सॉफ्टवेअर) यादीत नाही, आणि ती यादी खरेदीआधी बघायची असते. बोटाने आत शिरलं तरी कीरिंग, म्हणजे साठवलेल्या पासवर्डची पेटी, उघडायला उबंटू पासवर्ड विचारतंच. मॅकच्या डेस्कटॉपला टच आयडीवाला मॅजिक कीबोर्ड लागतो आणि तो अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवरच बोट घेतो, जुन्या इंटेलवाल्यावर नाही.

माणूस सोडून गेला तर

मुनीमजी नोकरी सोडून गेले, की त्याच संध्याकाळी त्यांचं खातं बघा. विंडोजमध्ये नोंदवलेल्या बोटांना नावं नसतात, यादीतून एकच बोट निवडून काढता येत नाही. रिमूव्ह दाबलं की त्या खात्यातली सगळी जातात. तेही त्या खात्यात शिरूनच करायचं असतं. तेव्हा सोपा रस्ता असा: जायच्या दिवशी ते स्वतः समोर असतानाच त्यांच्या खात्यातली त्यांची बोटं काढून घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स डी ड्राइव्हवर कॉपी करा. पावत्यांचे पीडीएफ हमखास डाउनलोड्समध्ये पडलेले असतात. मग तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून अदर यूजर्समध्ये जाऊन ते खातं रिमूव्ह करा. कॉपी केल्याशिवाय रिमूव्ह दाबू नका, ते खात्यासोबत फायलीही पुसतं आणि तसं विचारतंही, पण इंग्रजीत विचारतं म्हणून लोक न वाचता हो म्हणतात.

नवीन माणूस आला की नवीन खातं. जुन्याच खात्याचं नाव बदलून त्याला देऊ नका.